त्या वर्षीची उन्हाळी

परवा वर्षाचा गहू आला. बाल्कनीत जुनी चादर पसरली, गहू ओतला आणि तळहाताला एरंडेल लावून चोळायला बसले. बडोद्यात उन्हाळा लागला की घरोघरी हे चालतं. एरंडेलाला इथे सगळे दिवेल म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये गुजराती बायका गाणी म्हणत गव्हाला दिवेल लावतात. शेजारच्या गच्चीवर छुंद्याच्या बरण्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली असतात आणि आंब्याचा, साखरेचा, तापलेल्या फरशीचा असा एक वास सगळ्या सोसायटीभर फिरत असतो. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही हा वास सुट्टीचा वाटेल. मला तसा वाटत नाही. हात कामाला असतात आणि कान न्हाणीघराच्या दाराकडे लागलेले असतात.

त्या वर्षीही मी अशीच गहू चोळत बसले होते. शाळेला सुट्टी लागली होती. फतेगंजच्या एका गुजराती शाळेत मी गणित शिकवते. दुपार पांढरीफटक झाली होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. विनायक, माझे यजमान, आतून म्हणाले, "सुनीता, जरा इकडे ये."

आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हटलं, "हात तेलाचे आहेत, तुम्हीच या."

"नाही. तूच ये."

मी गेले. न्हाणीघरात त्यांनी पाणी ओतलेलं नव्हतं. लघवी लाल होती, अगदी कोकमाच्या सरबतासारखी लाल. आम्ही दोघं तिथे खाली बघत उभे राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही एकत्र उभं राहून पाहायची वेळ कधी आली नव्हती.

"काल बीट केलं होतंस का?"

"नाही."

"मग?"

"दुखतंय का? जळजळ?"

"काहीच नाही. म्हणून तर तुला बोलावलं."

आणि मग आमच्या दोघांच्याही तोंडून एकदमच तो शब्द आला. उन्हाळी लागली असेल. दर उन्हाळ्यात घरात कुणाला ना कुणाला उन्हाळी लागतेच. ऊन बाधलं, पाणी कमी पडलं, लघवीला आग होते. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, दोन दिवस उन्हात जायचं नाही. या शब्दात किती दिलासा आहे! आजी, आई, शेजारीण, सगळ्या त्या शब्दात बसलेल्या असतात. मी धने भिजत घातले. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ झालं. विनायक हसून म्हणाले, "तुझं धन्याचं पाणी जिंकलं." मी राहिलेला गहू चोळून पिंपात भरला.

पुढचे काही दिवस चांगले गेले. मांडवीतून तिखट-हळद आणली, येताना न्यायमंदिरापाशी गलेली, म्हणजे ताडगोळे, घेतल्या. त्यांचा गार, बुळबुळीत गर आम्ही तिथेच उभं राहून खाल्ला. आज त्या दिवसांकडे बघते तेव्हा वाटतं, त्यांच्या अंगात पुढे सापडलेली ती गाठ होतीच तेव्हा. गलेली खाताना होती, आमरस-पुरी खाऊन ते घोरत पडले होते तेव्हाही होती. मला अजून सगळ्यात जास्त भीती कसली वाटत असेल, तर या न दुखण्याची.

मी केसर आंब्याचा रस काढत होते त्या सकाळी विनायक स्वयंपाकघराच्या दारात आले आणि एवढंच म्हणाले, "परत."

आमची मुलगी केतकी तिथेच चहा घेत होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनं खोदून खोदून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. "बाबा, उन्हाळी दुखते. हे दुखत नाहीये. म्हणूनच दाखवायला पाहिजे."

सोनोग्राफीवाले डॉक्टर गप्पिष्ट होते. विनायकच्या पोटावर जेल लावता लावता गुजरातीत आंब्याची चौकशी चालली होती. आ वर्षे केसर केवी छे, काका? विनायक सांगत होते की तलाळा गावाकडची अजून यायची आहे, सध्याची नुसती गोड आहे, वास नाही. आणि बोलता बोलता डॉक्टर पडद्याकडे वाकले. हात डाव्या बरगडीखाली थांबला, पुढे गेला, परत त्याच जागी आला. "श्वास रोका." परत. "हवे छोडो." परत तीच जागा. आंब्यांविषयी त्यानंतर कुणीच बोललं नाही. मला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, नुसता राखाडी धूर. पण त्यांच्या हाताकडे बघून मला सगळं कळलं.

मूत्रविकाराचे जे डॉक्टर पुढे बघणार होते ते वयानं तरुण होते, पण बोलणं शांत. त्यांनी स्कॅनचे फोटो उजेडाला लावले. "डाव्या किडनीला गाठ आहे. मोठी आहे. अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. किडनीच्या बाहेर पडलेली दिसत नाही, ही चांगली गोष्ट. पण किडनी काढावी लागेल, आणि उशीर करायचा नाही."

विनायकनी विचारलं, "किडनीलाही होतो कॅन्सर?"

हा प्रश्न वेड्यासारखा नव्हता. आमच्या आसपास कॅन्सर म्हणजे तोंडाचा. प्रत्येक गल्लीत मसाला, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणारा कुणीतरी असतो, ज्याचा जबडा काढलेला असतो. बायकांना छातीचा होतो. किडनीचा आम्ही कुणाचा ऐकला नव्हता.

"होतो," डॉक्टर म्हणाले. "तंबाखूचे पेशंट इतके असतात की हा त्यांच्यात मागे पडतो. परदेशात जास्त दिसतो, आपल्याकडे कमी. पण आपल्याकडे खरंच कमी आहे की आपण शोधतच नाही, हे मीसुद्धा छातीठोक सांगणार नाही. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. बऱ्याच वेळा दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की सापडतो."

मी वर्गात संभाव्यता शिकवते. नाणं उडवते, फासे टाकते, पोरांना सांगते की लाखात एखादी घटना घडते म्हणजे ती जवळजवळ घडतच नाही. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा उमगलं, की त्या लाखातल्या एकाला शर्ट असतो, चष्मा असतो, आणि तो खुर्चीच्या हातावर बोटं आपटत बसलेला असतो.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी त्यांना एक दिवस ठेवून घेतलं. दुपारी शीतलबेन नावाची एक मुलगी आली. मेडिकल कॉलेजातून आलेली. या भागात किडनीचा कॅन्सर कुणाकुणाला होतो आणि का, याचा ती मंडळी अभ्यास करत होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी अदबीचं. "काका, थोडे प्रश्न विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

विनायक म्हणाले, "विचार. पडूनच आहे मी."

"सिगरेट?"

"होय. आता कमी केलीय."

"पूर्वी?"

"पूर्वी पुष्कळ."

"बीपी?"

"आहे."

"गोळ्या नियमित?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"वजन वाढलंय का?"

"ते तर तुला दिसतंच आहे, बेटा."

"काम काय करता?"

विनायक शहराबाहेरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. पंपांचे, व्हॉल्व्हचे भाग सुटे करून, धुऊन, परत बसवायचे. तिनं विचारलं, कशानं धुता? ते म्हणाले, सॉल्व्हंटनं. हातमोजे? पूर्वी कुठले हातमोजे. वास यायचा? यायचा, गोडसर. घरी आलं तरी नाकात असायचा. मलाही आठवला तो वास. त्यांच्या खाकी शर्टाला तो असायचा आणि लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत मला तो आवडायचाही.

ती एकेक विचारत गेली आणि आमचं उत्तर दर वेळी होय, होय, होय.  हे सगळं आमच्या घरात माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं: जेवणानंतरची सिगरेट, संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, तळलेला फाफडा, तो गोड वास. सगळं रोजचं, सगळं घरचं.

मी विचारलं, "शीतलबेन, म्हणजे यातल्याच कशानं तरी झालं?"

ती घाईघाईनं म्हणाली, "नाही काकू, असं एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. यानं धोका वाढतो इतकंच. म्हणून तर आम्ही आजार नसलेल्या माणसांनाही हेच प्रश्न विचारतो. तुमच्याच आसपासच्या, काकांच्याच वयाच्या." मग ती थांबली. "एक राहिलं. घरात कुणाला कॅन्सर? आई, वडील, भाऊ?"

"भाऊ नाही. आई म्हातारपणी गेली," विनायक म्हणाले. "वडील मी शाळेत असताना गेले."

"कशानं?"

"पोटाचं काहीतरी दुखणं होतं."

"पोटाचं म्हणजे?"

ते विनायकना माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता. शीतलबेननं आपला नंबर दिला, काही कळलं तर सांगा म्हणाली आणि निघून गेली.

घरी आलो. ऑपरेशन परवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी जरा आडवी झाले, उठले तर विनायक घरात नव्हते. मोबाइल टेबलावर, चपला गायब. बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत होती. केतकी ऑफिसात. मी खाली धावले. तळमजल्यावरचे हसमुखभाई गॅलरीत पेपर वाचत बसले होते. "विनायकभाई तो गया, बेन. रिक्षामां. मी विचारलं, एवढ्या उन्हात कुठे? काही बोलले नाहीत."

मी रिक्षा केली. कमाटी बागेच्या फाटकाशी डोकावले, मांडवीपर्यंत गेले. त्यांची नेहमीची पानटपरी बंद होती. येताना सूरसागर तलावाच्या कठड्याशी मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. उतरले आणि पाण्याकडे बघितलं. पाणी हिरवं, स्थिर होतं आणि उन्हात डोळ्यांना खुपत होतं. मी तिथे का थांबले होते ते मला ठाऊक होतं, पण तो विचार मनातल्या मनातसुद्धा शब्दांत येऊ देत नव्हते. रिक्षावाला म्हणाला, "कोई खोवाई गयुं छे, मासी?" कुणी हरवलंय का? 

तेवढ्यात फोन वाजला. नागरवाड्यातून विनायकच्या आत्या बोलत होत्या. "सुनीता, विनू माझ्याकडे आलाय गं. तू ये. तो उठायलाच तयार नाही."

आत्या नव्वदीला टेकलेल्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत त्यांची कॉट. विनायक खाली जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, लहान मुलासारखे पाय पसरून. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मला बघून म्हणाले, "आत्या, हिलाही सांग."

आत्या पदरानं डोळे पुसत होत्या. "काय सांगू गं. दादाला लघवीतून रक्त जायचं. उन्हाळाच होता. सगळे म्हणाले, उन्हाळी लागलीय. वहिनींनी वाळ्याचं पाणी दिलं, धन्याचं दिलं. थांबायचं, की आम्ही म्हणायचो, उतार पडला. मग परत जायचं. पुढे पुढे कुशीत गोळा हाताला लागायला लागला. तेव्हा फार उशीर झाला होता."

"मला कुणी सांगितलं का नाही?" विनायकनी विचारलं.

"तू लहान होतास रे. आणि तसल्या जागेचं दुखणं, चारचौघांत बोलायचं कसं? वहिनींनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर पोटाचं म्हणा. आम्ही तेच म्हणत राहिलो. मग आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं."

विनायक एकदम हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "आत्या, मीही धन्याचं पाणीच प्यायलो."

परतीची रिक्षा केली. गरम वारा तोंडावर येत होता, दुकानांची शटर अर्धी ओढलेली होती. मंगळ बाजाराच्या तोंडाशी रिक्षा अडली तेव्हा विनायक फक्त एकच शब्द म्हणाले.

"केतकी."

मीही आत्यांचं ऐकल्यापासून त्याच नावापाशी येऊन थांबले होते. आजोबा, बाप, आणि मग? मी त्यांचा हात धरला. तो तापलेला होता. त्यांनीही माझा घट्ट धरला. कोण कुणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, हिरवा गाऊन घातल्यावर, त्यांनी मला शीतलबेनचा नंबर लावायला लावला. स्वतः बोलले. "माझ्या वडिलांचं लिहून घे, बेटा. त्यांनाही हेच होतं बहुतेक." पलीकडून ती काहीतरी समजावत होती. "कागदपत्रं नसली तर पेशंट म्हणून त्यांची गणना करता येत नाही, पण कुटुंबातला आजार म्हणून मी जरूर नोंदवीन." विनायक म्हणाले, "तसं नोंदव. पण कुठेतरी नोंदव." फोन मला देऊन ते स्ट्रेचरवर आडवे झाले. दाराशी पोचेपर्यंत छताकडे बघत होते. आत जाताना मान वळवून म्हणाले, "सुनीता, केतकीची तपासणी उशिरा नको."

त्या दाराबाहेर मी किती वेळ बसले ते आठवत नाही. केतकी शेजारी होती. मी तिच्याकडे बघायची, आणि नजर आपोआप तिच्या चेहऱ्यावरून खाली, बरगड्यांच्या खाली, कुशीकडे जायची. स्वतःच्या पोटच्या पोरीकडे मी असं कधी बघितलं नव्हतं. तिनं ते ओळखलं. ओढणी पुढे ओढून घेतली आणि म्हणाली, "आई, नको ना असं बघूस."

डॉक्टर बाहेर आले. किडनी नीट निघाली होती. पुढे तपासणीचा अहवाल आला, कॅन्सरच होता, पण किडनीच्या आतच होता. औषधं, किरणं काही लागणार नव्हती. ठरावीक काळानं स्कॅन करत राहायचं. मी केतकीचं विचारलं. ते म्हणाले, "बहुतेक वेळा हा आजार वारशानं येत नाही. पण एका घरात दोघांना झाला असेल, तर बघून घेतलेलं बरं. आज ना उद्या नव्हे, आताच करू."

केतकी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपली तेव्हा मी आत जायला नको म्हटलं, मग गेलेच. तेच डॉक्टर. तोच राखाडी धूर. मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला. एका जागी जरासा रेंगाळला. मग पुढे सरकला. "बधुं बराबर छे, बेन." सगळं ठीक आहे. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि इतकी रडले की नर्सला वाटलं काहीतरी वाईट निघालं. केतकीलाच तिला समजवावं लागलं.

सोसायटीत बातमी पसरली आणि तर्क सुरू झाले. पाणीच खराब आहे. कारखान्यांची हवा. बोअरवेल. कुणी म्हणे पलीकडच्या गल्लीतही एकाला आहे, कुणी म्हणे दोघांना. शीतलबेन आजार नसलेली माणसं शोधत आली तेव्हा तिनं हसमुखभाईंना गाठलं. विनायकच्याच वयाचे, वजन त्यांच्याहून जास्त, बीपी आहे, सिगरेट आहे, वर मसालाही. ते खुर्चीत पाय हलवत हसत हसत उत्तरं देत होते, "मने शुं थवानुं छे, बेन? मला काय होणार? घोड्यासारखा आहे मी." आणि खरंच, ते घोड्यासारखेच होते. मला त्यांचा राग आला. मग त्या रागाची भीती वाटली.

चार-आठ दिवसांनी ते आमच्या दाराशी आले. आत येईनात. मसाल्यानं नेहमी फुगलेला गाल त्या दिवशी सपाट होता. विनायक झोपलेत ना, याची खात्री करून खालच्या आवाजात म्हणाले, "बेन, विनायकभाईंना कसा दिसला होता? रंग? गुलाबी, की एकदम लाल?"

मी विचारलं, "तुम्हाला काही झालंय का?"

"नै नै. रोज बघतो एवढंच. बघितल्याशिवाय पाणी ओतत नाही."

मी त्यांना हसले नाही. मीही तेच करत होते. मी, केतकी, आम्ही सगळेच. त्यांना म्हटलं, "हसमुखभाई, नुसतं बघत बसू नका. बीपीची गोळी घ्या आणि एकदा सोनोग्राफी करून या." ते करून आले. पेढे घेऊन आले.

आता या गोष्टीला काही उन्हाळे झाले. विनायक निवृत्त झाले, सिगरेट सुटली, वजन उतरलं. सकाळी बागेत चालून येतात. नवीन माणसाला कळणारही नाही. केतकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांसमोर विनायकनी स्वतः सगळं सांगितलं, आजोबांपासून. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते, कप वाजत होते.  मग मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे डायबेटीस आहे, सगळ्यांना." आणि कुणीतरी हसलं.

पण स्कॅनची तारीख जवळ आली की घर बदलतं. आमचं बोलणं कमी होतं, भांडी जास्त वाजतात. गणित शिकवणारी मी, मला कळतं की अमुक इतकी वर्षं गेली म्हणजे धोका उतरत जातो. उतरतो म्हणजे शून्य होत नाही, हेही मलाच कळतं. शाळेत संभाव्यतेचा धडा मी अजून शिकवते. फक्त आता 'जवळजवळ घडतच नाही' असं म्हणत नाही.

या वर्षीचा स्कॅन काल झाला. स्वच्छ आला. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर डांबर वितळल्याचा वास येत होता. विनायकनी स्कूटर काढली, मी मागे बसले. पूर्वी मी डाव्या हातानं त्यांना कमरेपाशी धरायचे. पण ऑपरेशन झाल्यापासून तिथे हात टेकवत नाही. शर्टाच्या आत तो लांब व्रण आहे आणि त्याच्या मागे रिकामी जागा आहे, असं मला उगाच वाटतं. मी सीटची कड धरून बसले.

फतेगंजच्या पुलावर चढताना ते म्हणाले, "अगं, नीट धर. पुढे रस्ता खोदलाय."

"धरलंय."

त्यांनी हँडलवरचा एक हात सोडला, मागे आणला, माझा हात सीटवरून उचलला आणि त्या जागेवर ठेवला. शर्टाखाली कातडी गरम होती. श्वासाबरोबर वर-खाली होत होती.